नकाराचा राखाडी

होकाराला हिरवा द्यायचा, हे ऑफिसात ठरलेलंच होतं.
नकाराचा राखाडी मात्र मी शोधला:
शौलाईतल्या मार्चचा,
बर्फ वितळून गेलेला आणि पालवीला अजून महिना,
तेव्हाच्या फुटपाथचा.
मागच्या रंगाहून जेमतेम एक छटा गडद.
डोळा तिथून घसरतो.
शंभरातले त्र्याण्णव ‘सगळं मान्य’ दाबतात.
त्याबद्दल नाताळात मला एक बाटली मिळाली
आणि साहेबांचा हात खांद्यावर, क्षणभर.

रविवारी बाबांकडे जाते.
झेनोनास, वय अठ्ठ्याहत्तर,
सायकलच्या कारखान्यात चाकं सरळ करायचे.
हवामान बघायला पान उघडतात
आणि पाटी वर येते: आम्हाला तुमच्या खासगीपणाची कदर आहे.
बाबा म्हणतात, “वा.”
आणि खुर्ची पुढे ओढतात.

ही पाटी शेवटपर्यंत वाचणारा जगात एकच माणूस असावा,
आणि तो माझ्या वाट्याला आलाय.

“कुकी म्हणजे काय गं नेमकं?”
समजा, तुम्ही दुकानात शिरलात.
दुकानदारानं तुमच्याच खिशात एक चिठ्ठी सरकवली.
पुढच्या खेपेला ती वाचून म्हणतो,
या, तुमची बरणी टोपलीत तशीच ठेवलीय.
“बरं. आणि हे भागीदार?”
दुकानात नुसतेच उभे असलेले लोक. तेही चिठ्ठ्या सरकवतात.
पुढच्या दुकानातही तेच उभे असतात.
“किती जण?”
तीनशे बारा.
“ओळखतेस तू त्यांना?”
मी चहात चमचा फिरवत राहिले.
मी साखर घेत नाही.

त्र्याण्णव साली बाबा विल्नियसला गेले होते,
आपलं दफ्तर वाचायला.
तपकिरी पुठ्ठा, सुतळी, एकशे चाळीस पानं.
मला त्यातल्या दोनच ओळी सांगितल्या, त्याही कितीतरी वर्षांनी:
मंगळवार, सव्वाचार. वस्तूने दोन पाव घेतले.
वस्तू तळ्याकाठी थांबली. कारण अज्ञात.
पाळत ठेवलेल्या माणसाला तेव्हा वस्तू म्हणत.
“कारण मलाही आठवत नाही,” बाबा म्हणाले होते,
आणि पाव कापायला लागले.

आता ते ‘पर्याय पाहा’वर जातात,
जे आम्ही तिसऱ्या ओळीत, मुंगीच्या अक्षरात ठेवतो.
एकेक बंद करतात,
चाकाची एकेक तार बोटानं वाजवून बघावी तसे.
टक्. टक्.
“कायदेशीर हितसंबंध. हे तर आधीच चालू आहेत!
मला कधी विचारलं?”
चाळीस मिनिटं जातात. तोवर हवामान बदललेलं असतं.

खिसा झटकायचा कसा, तेही मी त्यांना शिकवलं:
सेटिंग, खासगीपणा, पुसा.
पुसलं.
पुढच्या रविवारी चेहरा पडलेला.
बसचं पान त्यांचा थांबा विसरलं होतं.
“तेवढी एक राहू दे,” म्हणाले.
“मी त्या थांब्यावर असतो,
हे मीच सांगितलेलं एकाला ठाऊक असलं तर चालेल.”

सोमवारी मी राखाडी थोडा गडद केला.
कुणाला दिसलं नाही.
गुरुवारी आकडा घसरल्याची मेल आली.
शुक्रवारी पुन्हा फिका केला. मीच.

बाबांना वाटतं, मी कॉम्प्युटरवर चित्रं काढते.

“जुर्गिता, इकडे ये,” परवा हाक मारली,
पडद्याला नाक लावून, चष्म्यावर दुसरा चष्मा.
“इथं खाली अजून एक बटण आहे बघ.
रंग बघ काय दिलाय मेल्यांनी.
दिसतंय का तुला?”

दिसतंय, बाबा.